फिरायला बार्सिलोना, बसायला मॉल

सोमवारी ऑफिसात ठरलेला संवाद. "वीकेंडला काय केलंस?" "काही नाही रे, मॉलला गेलो, जेवलो, आलो." हीच मंडळी बार्सिलोनाला गेली की दिवसभर पायी हिंडतात. बोकेरिया बाजारात मासळीचे फोटो काढतात, गाउदीच्या इमारतींसमोर मान दुखेपर्यंत उभी राहतात आणि परत येऊन आम्हाला सांगतात, "काय शहर आहे यार!"

आणि क्रॉफर्ड मार्केट? ते त्यांनी टॅक्सीच्या काचेतून पाहिलेलं असतं.

"पण आपल्याकडे बघण्यासारखं आहे काय?" हा प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरतं. अहो, क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, १८६९ची आहे. दारावरची दगडी शिल्पं लॉकवुड किपलिंगची, रुडयार्डच्या वडिलांची. तिकीट नाही, रांग नाही. फक्त मान वर करायची!

ओव्हल मैदानावर उभे राहा. पूर्वेला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, पश्चिमेला १९३०च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती. २०१८ साली युनेस्कोने या दोन्ही बाजूंना मिळून जागतिक वारसा ठरवलं. त्यासाठी तिथल्या रहिवाशांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता. आणि हे फक्त साहेबी मुंबईचं कौतुक नाही बरं का. दादर-माटुंग्यात, शिवाजी पार्काभोवती तसल्याच गोल गॅलऱ्या आणि खिडक्यांवरचे लांब छज्जे आहेत. तुमच्या मामाची बिल्डिंगसुद्धा त्यातलीच असू शकेल. ते छज्जे शोभेचे नाहीत, ऊन-पाऊस अडवायला आहेत. चार्ल्स कोरियांनी १९८३ साली पूर्ण झालेल्या 'कांचनजंगा'त हेच तत्त्व उंच टॉवरमध्ये नेलं. कोपऱ्यात दुमजली उंचीच्या मोकळ्या गच्च्या, म्हणजे जुन्या बंगल्याचा व्हरांडाच. आपण मात्र बसतो काचेच्या डब्यात आणि उन्हाशी भांडायला एसी लावतो. त्याला म्हणे मॉडर्न!

आता आक्षेप. फुटपाथ तुटलेत, उकडतं, घाम येतो. सगळं मान्य. पण फुटपाथ कोण मागणार? जो चालतो तो. सोसायटीच्या लिफ्टमधून गाडीत आणि गाडीतून मॉलच्या लिफ्टमध्ये जाणाऱ्याला फुटपाथ लागतोच कशाला?

दुसरा आक्षेप मैत्रिणींचा. परमिट रूममध्ये (हे नाव आपल्या १९४९च्या दारूबंदी कायद्याची देणगी!) बोंबील छान मिळतात, पण तिथल्या नजरा कोण झेलणार? हा आक्षेप शंभर टक्के खरा आहे आणि त्याची लाज बायकांना नाही, आपल्याला वाटायला हवी. तोवर इराणी आहेत की. धोबीतलावचं कयानी १९०४चं, बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३चं. बेरी पुलाव खा, रास्पबेरी सोडा प्या, बाजूच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाशी बोला. मॉलच्या फूड कोर्टात कोणी कोणाशी बोलतं का?

आणि हा नुसता जुन्याचा उमाळा नाही. धोबीतलावचंच बस्तानी २००४ साली गेलं, जहांगीरमधलं समोवार २०१५ साली, ऱ्हिदम हाउस २०१६ साली. प्रत्येकाची कारणं वेगळी होती, पण आपली प्रतिक्रिया तीच. शेवटच्या आठवड्यात रांग लावायची, फोटो टाकायचे, हळहळायचं. त्याआधीच्या दहा वर्षांत किती वेळा गेलो होतो, हे कोणी सांगत नाही.

ज्या शहरात आपण फक्त नोकरी करतो आणि झोपतो, तिथे काय पाडायचं आणि काय ठेवायचं हे दुसरंच कोणीतरी ठरवतं. मग तक्रार करायला आपल्याला तोंड राहत नाही.

असो. येत्या शनिवारी सीएसएमटीला उतरा. क्रॉफर्ड मार्केट, कयानी, मग चालत ओव्हल. गाडी घरीच ठेवा, पार्किंग मिळणार नाही!