ओट्याची फरशी घेताना

गृहिणींनो, गॅस आल्यापासून खेड्यातही रांधणे उभ्याने झाले. ओटा एकदाच बांधायचा, म्हणून दगड पारखून घ्यावा.

नागपूरच्या बाजारात कडप्पा आणि ग्रॅनाइट दोन्ही मिळतात. कडप्पा हा आंध्रातला चुनखडीचा दगड. तो स्वस्त, पण लिंबू, चिंच, संत्र्याचा रस सांडला की डागाळतो. ग्रॅनाइटला आंबटाची बाधा नाही. दुकानात तुकड्यावर लिंबू पिळा, दहा मिनिटांनी पुसा. पांढुरका डाग उमटला तर तो ग्रॅनाइट नव्हे.

फरशी ओली करून पाहा. वाळताना एखादी रेघ ओलीच राहिली तर तडा समजावा. गाडीतून फरशी उभीच आणावी; आडवी मोडते.

उंची गवंड्याच्या सवयीने नको, रांधणारीच्या कोपराने ठरवा. कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली ओटा असावा, नाहीतर जन्मभर कंबर दुखेल. खाली विटांचा भक्कम आधार आणि मोरीकडे किंचित उतार हवा. उन्हाळ्यात बांधकामावर आठवडाभर पाणी मारा. खलबत्ता मात्र जमिनीवरच ठेवा.

पैसे कमी असतील तर कर्ज काढू नका. कडप्पाच बसवा, आंबट सांडले की लगेच पुसा.