आमच्या गावाचा वार कोणता?

माननीय कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,


2025मध्ये आपल्या सरकारने कृषी सहायकांना ‘सहायक कृषी अधिकारी’ केले. अभिनंदन. पण कपाशीवर तुडतुडे आले, की शेतकरी आजही सल्ल्यासाठी जातो तो कृषी केंद्राच्या काउंटरवर. तिथून दोन बाटल्या मिळतात, वर एक टॉनिक. शिवाय उधारी तिथेच असते, म्हणून नाही म्हणायची सोय नसते. ज्याची कमाई बाटलीवर, तो ‘एवढ्यात फवारू नका’ असे कशाला सांगेल? हे आपल्याला ठाऊक नाही, असे मी मानत नाही.

2017 आठवा. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. पुढे चौकशी पथक नेमले गेले, मोहिमा झाल्या. पण कोणते औषध कशात मिसळू नये, हे पंप पाठीवर घेण्याआधी बांधावर येऊन सांगणार कोण, ते आजवर ठरले का?

ज्याने सांगायचे, तो सहायक कृषी अधिकारी पंचनाम्यात असतो, नाहीतर महाडीबीटी पोर्टलवरच्या अर्जांत. त्याच्याकडे गावेही अनेक. त्याच्यावर माझा राग नाही. शेतीचे शिक्षण घेतलेल्या माणसाचा कारकून आपण केलात.

आता ‘महाविस्तार’ हे एआय ॲप आले आहे. मराठीत बोलते, चांगलेच आहे. पण पान उलटून खालची कीड मोजायला माणूसच लागतो. हे ॲप त्या माणसाच्या मदतीला आणले आहे, की त्याच्या रिकाम्या जागेवर?

आणि सल्ला घरात कोणाला मिळतो? सातबारा ज्याच्या नावावर, त्याला. निंदण आणि वेचणी करते ती बाई. गुलाबी बोंडअळीची डोमकळी निंदताना बहुधा तिलाच आधी दिसते. ती खुडून नष्ट करायची, कामगंध सापळा कुठे टांगायचा, हे तिला कोणी येऊन सांगितले? गावातल्या बैठकीच्या सतरंजीवर तिला जागाच नसते.

पूर्वी ‘प्रशिक्षण व भेट’ योजनेत कृषी कर्मचाऱ्याच्या गावभेटीचा वार ठरलेला असे. तेवढे तरी परत द्या. जुलै ते ऑक्टोबर सहायक कृषी अधिकाऱ्यांना दुसरे काम नको. दिलेला सल्ला चिठ्ठीवर लिहिलेला असावा, खाली सही असावी. सल्ला चुकला तर विचारायला नाव हवे.

येत्या खरिपाआधी आमच्या गावाचा वार ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिला जाईल का, एवढे कळवावे.

आपला,
एक कापूस उत्पादक