भूल देणारा वेगळाच हवा

‘एकाच बैठकीत सगळे दात करून टाकू, मुलाला कळणारही नाही.’ जयपूरचे जवाहर नगर असो की पुण्याचे कोथरूड, किडलेल्या दाढा घेऊन आलेल्या चार वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांना दातांच्या दवाखान्यात हे ऐकायला मिळू शकते. त्यात मुळात गैर काही नाही. आठ-दहा दात किडलेले आहेत आणि मूल खुर्चीत बसायलाच तयार नाही, किंवा ते स्वमग्न आहे, तर चौघांनी हातपाय धरून दाढ कोरण्यापेक्षा पूर्ण भूल केव्हाही माणुसकीची. ‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ असे म्हणून सोडूनही देता येत नाही. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात, आणि त्यांत पू झाला की मुलाचे खाणेही सुटते, झोपही.

पण ही भूल देणार कोण आणि कुठे? मुलाची श्वासनलिका अरुंद, अंगातला प्राणवायूचा साठा तुटपुंजा. श्वास अडला तर मोठ्या माणसाला सावरायला जेवढा वेळ मिळतो, तेवढा मुलाला मिळत नाही. त्यातून दातांच्या कामात डॉक्टरांचे हात, पाणी, रक्त, दाताचे तुकडे असे सगळे श्वासाच्याच वाटेवर. म्हणून श्वासाची नळी बहुधा नाकातून घालतात आणि घशात गॉजची पट्टी ठेवतात. ती पट्टी शेवटी आठवणीने काढावीही लागते. ज्याची नजर दाढेवर खिळली आहे, त्याने श्वासही सांभाळावा ही अपेक्षाच चूक आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि बालदंततज्ज्ञांच्या संघटनांनी 2019 साली हे स्पष्ट लिहिले: गाढ गुंगी किंवा पूर्ण भूल द्यायची तर दात करणाऱ्याखेरीज भुलेचे शिक्षण घेतलेली स्वतंत्र व्यक्ती हजर हवी. ब्रिटन त्याही पुढे गेले. दातांच्या खुर्चीत मुले दगावल्यावर तिथे 2002 पासून दवाखान्यातली पूर्ण भूल बंदच झाली. आता ती अतिदक्षतेची सोय असलेल्या रुग्णालयातच देतात.

आपल्याकडेही हाच दंडक हवा, आणि नुसत्या बंदीने भागणार नाही. खासगी रुग्णालयाचा खर्च न झेपणाऱ्या मुलाने जायचे कुठे? जिल्हा रुग्णालयात शस्त्रक्रियागृह असते, भूलतज्ज्ञ असतो. आठवड्यातला एक दिवस तिथे मुलांच्या दातांसाठी राखून ठेवावा.

डॉक्टरांनी दुधाच्या बाटलीचा विषयही भुलेच्या आधीच काढावा. सगळे दात दुरुस्त झाले आणि झोपताना साखर घातलेल्या दुधाची बाटली चालूच राहिली, तर कीड परतते आणि पुन्हा भुलेची पाळी येते. तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून जास्त भूल देण्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 मध्ये सावधगिरीचा इशारा दिला आहे. थोड्या वेळाची एकदाच दिलेली भूल त्या इशाऱ्यात येत नाही, तेव्हा आईवडिलांनी उगाच धास्तावू नये. उपाशी ठेवण्याची वेळ मात्र काटेकोर पाळावी. मूल रडले म्हणून पहाटे दूध पाजले असेल तर ते लपवू नये. भुलेत तेच दूध उलटून फुप्फुसात जाऊ शकते.

संमतिपत्रावर दात करणाऱ्या डॉक्टरांच्या नावाशेजारी भूलतज्ज्ञाचे नाव आणि नोंदणी क्रमांक छापील रकान्यात असावा. तो रकाना कोरा असेल तर पालकांनी सही करू नये.