पाचवे शील आणि अळंब्यांतील औषध

मद्याच्या व्यसनावर विशिष्ट अळंब्यांतील सिलोसायबिन या द्रव्याने उपचार होऊ शकतो, हे वाचून काही उपासकांनी आम्हाला विचारले : नशा सोडविण्यासाठी नशाच घ्यायची, मग पाचव्या शीलाचे काय? प्रश्न रास्त आहे.

न्यूयॉर्क विद्यापीठातील डॉ. मायकेल बोगेनशुट्झ यांच्या चमूने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ९३ मद्यासक्तांना औषध देण्यात आले; सुमारे निम्म्यांना सिलोसायबिन, उरलेल्यांना ॲलर्जीवरची साधी गोळी. मात्रा अवघ्या दोन, त्याही चिकित्सकांसमक्ष, डोळ्यांवर पट्टी बांधून. भोवती १२ आठवड्यांचे मानसोपचार. पुढील ३२ आठवड्यांत अतिमद्यपानाचे दिवस पहिल्या गटात ९.७ टक्के, तर दुसऱ्यात २३.६ टक्के आढळले. अर्थात आपल्याला काय मिळाले हे बहुतेकांनी ओळखले होते. त्यामुळे या यशात आशेचा वाटा किती, हे सांगणे अवघड आहे.

कल्पना जुनीच. कॅनडातील सस्कॅचवान प्रांतात १९५० च्या दशकात ऑस्मंड आणि हॉफर हे डॉक्टर मद्यासक्तांना एलएसडी देत. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचे सहसंस्थापक बिल विल्सन यांनीही १९५६ मध्ये ते घेतले होते, आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते रुचले नव्हते.

पाचव्या शीलाचा रोख प्रमादाकडे नेणाऱ्या नशेवर आहे. दारू पिणारा स्वतःकडे पाहणे टाळतो. या उपचारात रुग्णाला आपले दुःख आणि लाज यांच्यासमोर बसावे लागते. म्हणून, आमच्या मते, हा शीलभंग नव्हे. मित्रांच्या मैफलीत अळंबी खाणे मात्र निश्चितच शीलभंग होय. शिवाय अमेरिकेच्या संघीय कायद्याने ते निषिद्ध आहे, आणि व्हिसावर राहणाऱ्याचे येथील वास्तव्यच त्यापायी धोक्यात येऊ शकते. स्वतःला वा रक्ताच्या नात्यात कोणाला तीव्र मनोविकार असेल, तर धोका आणखी मोठा.

आम्हाला खंत आहे ती वेगळीच. नाल्ट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेट ही मान्यताप्राप्त औषधे साध्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतात. पण आपल्यातले किती जण ती मागतात? 'विहारात कळले तर?' ही भीती दवाखान्याच्या दारातूनच परत फिरवते. भावाचे पिणे वर्षानुवर्षे 'ॲसिडिटी' म्हणून झाकणारी घरे आम्ही पाहिली आहेत. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र लाजेपायी घरच्या घरी एकाएकी दारू तोडू नये. आकडी येऊन जीवावर बेतू शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे.