वर्गणीची यादी

पदवीनंतरच्या मेजवानीचे बेत नाशिकच्या महाविद्यालयांतून ठरू लागले की आम्हां प्राध्यापकमंडळींत ठरलेला वाद झडतो: काळा झगा असावा की नसावा? २०१० मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी भोपाळच्या दीक्षान्त समारंभात तो झगा उतरवला. २०१५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने हातमागाच्या पोशाखाचा आग्रह धरला. हातमागाचे येवला तर आमच्याच जिल्ह्यात. झग्याचा प्रश्न एवढ्यावर मिटावा.

वर्गणीविषयी मात्र कोणी ब्र काढत नाही. गंगापूर रस्त्यावरचे सभागृह, डीजे, माणशी ताट असा हिशेब मांडला जातो. आणि पेठ-सुरगाण्याहून आलेला विद्यार्थी ‘त्या दिवशी घरी काम आहे’ असे सांगून बाजूला होतो. आम्ही ते खरे मानतो, कारण तसे मानणे सोयीचे असते. वर्गात आम्हीच दलित आणि आदिवासी साहित्यातील वंचिततेवर टिपणे उतरवून देतो!

आनंदालाच उधळपट्टी म्हणणाऱ्या सोवळ्या टीकाकारांशीही आमचे जुळत नाही. घरातला पहिला पदवीधर नाचणार नाही तर कोण नाचणार? पण द्राक्षबागांत रोजंदारी करून ज्यांनी त्याचे शुल्क भरले, त्या आईबापांना या मेजवानीचे साधे निमंत्रणही नसते.

सभागृह सोडा. महाविद्यालयाचे पटांगण मागा, मिसळीवर भागवा, वर्गणी ऐच्छिक ठेवा आणि कोणी किती दिले याची यादी फलकावर लावू नका. पहिली रांग पालकांची. पटांगण नाकारले गेले, तर कारण लेखी मागा. अर्जावर आम्हीही सह्या करू.