भूजलाची शुद्धी आणि ग्रामसभेची शक्ती

महाराष्ट्रातील एखाद्या मोठ्या गावात आज शिरले, तर ग्रामपंचायतीच्या आवारात किंवा बसथांब्याजवळ शुद्ध पाण्याचे यंत्र हमखास दिसते. नाणे टाकावे, जार भरावा आणि दुचाकीवर लादून घरी न्यावा, हा नित्यक्रम झाला आहे. याला प्रगतीची खूण मानण्याची पद्धत आहे. वस्तुतः ती पराभवाची खूण आहे. ज्या विहिरींनी पिढ्यान्‌पिढ्या तहान भागवली, त्यांचे पाणी पिण्यास अयोग्य झाल्याचे गावाने मुकाट्याने मान्य केले आहे. ज्याला परवडते तो जार नेतो. शेतमजुराचे घर हातपंपावरच राहते. आणि यंत्रातून बाहेर पडणारे क्षारयुक्त सांडपाणी शेजारच्या गटारातून पुन्हा त्याच जमिनीत मुरते!

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ सालच्या गुणवत्ता अहवालानुसार देशभरात तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेटचे प्रमाण लिटरमागे ४५ मिलिग्रॅम या मर्यादेपेक्षा अधिक आढळले. महाराष्ट्रात हा आकडा ३५ टक्क्यांच्या पुढे आहे. नायट्रेटला रंग नाही, वास नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही. उलट पाणी आटून त्याची तीव्रता वाढते. सर्वाधिक धोका वरच्या दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या मुलांना असतो. त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते आणि अंग निळे पडू लागते. ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या हिरव्या कार्डाने येथे निश्चिंत होता येत नाही, कारण त्याचा मुख्य भर स्रोताच्या परिसराच्या स्वच्छतेवर आणि जंतुनाशनावर असतो. टीसीएल पावडरने जंतू मरतात, नायट्रेट नव्हे.

हे विष येते कोठून? पहिला आरोपी अर्थातच युरिया. अनुदानामुळे ते इतर खतांच्या तुलनेत अत्यंत स्वस्त पडते आणि पीक हिरवेगार दिसावे म्हणून हात सैल सुटतो. दिलेल्या नत्रापैकी निम्म्याहून कमी पिकाच्या वाट्याला येते. उरलेले काही हवेत उडते, काही पाण्याबरोबर खाली उतरते. उसाला मोकाट पाणी देणाऱ्या शिवारात तर त्याला वाटच मोकळी करून दिलेली असते. परंतु सगळा दोष रासायनिक खतांवर टाकून मोकळे होणेही प्रामाणिकपणाचे नाही. गोमय पवित्र खरे. तथापि विहिरीच्या कडेला रचलेला उकिरडा पावसाळ्यात झिरपू लागला की तो युरियाच्या पोत्याहून सोज्वळ ठरत नाही. पाण्याच्या पातळीपर्यंत खोल खणलेले शौचालयाचे खड्डे, कुक्कुटपालनाची विष्ठा हीदेखील याच पंक्तीतली.

महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भूभाग काळ्या बसाल्ट खडकाचा आहे. त्यात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. या भेगा सात-बाराचा उतारा पाहत नाहीत. एकाच्या बांधावर टाकलेले खत दुसऱ्याच्या विहिरीत उतरते. वरचे पाणी बिघडले म्हणून खोल बोअर घेतले, तर काही भागांत खडकातील फ्लोराईड वर येते. दात आणि हाडे यांना कायमचे अपंगत्व आणणारा हा विकार यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील अनेक गावांनी भोगला आहे. केसिंग नीट न बसवलेले बोअर तर वरची घाण थेट खाली पोहोचवणारी नळीच होय. पुनर्भरणाच्या उत्साहात शेतातले गढूळ पाणी गाळणीशिवाय कोरड्या बोअरमध्ये सोडणारेही हेच करीत असतात.

मग उपाय कायद्याचा काय? महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ सालचा. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. ६० मीटरहून खोल विहिरींना त्यात मनाई आहे. बोअरच्या गाड्या रात्री कोणत्या खोलीपर्यंत जातात, हे मात्र गावोगावच्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. प्रत्येक बांधावर पहारेकरी कोणतेही शासन उभा करू शकत नाही.

जेथे शासन थकते तेथे गाव काय करू शकते, हे नगर तालुक्यातील हिवरे बाजारने दाखवून दिले. जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या गावाने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली शेतीसाठी बोअर घेण्यास स्वतःहून बंदी घातली, ऊस-केळी दूर ठेवली आणि पावसाच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिके ठरवण्याची रीत पाडली. आपल्या शेतात काय पेरावे हे गावाने सांगावे आणि शेतकऱ्याने ते ऐकावे, ही गोष्ट वाटते तितकी लहान नाही. जे गाव पाण्याच्या प्रमाणावर असा संयम पाळू शकते, ते शुद्धीसाठीही पाळू शकेल. माती तपासून युरियाची मात्रा ठरवणे, ती तीन-चार हप्त्यांत विभागून देणे, ठिबक, ताग-धैंच्याचे हिरवळीचे खत, पिण्याच्या विहिरीपासून उकिरडे हलवणे. यातले काहीही गावाच्या आवाक्याबाहेरचे नाही.

अर्थात सारा भार शेतकऱ्यानेच का वाहावा, हा प्रश्न रास्त आहे. जर्मनीतील म्युनिक शहराने १९९२ पासून, आपले पिण्याचे पाणी ज्या खोऱ्यातून येते तेथील शेतकऱ्यांना सेंद्रिय शेतीकडे वळण्यासाठी शहराच्या तिजोरीतून साहाय्य दिले. पाणी शुद्ध करण्यापेक्षा ते अशुद्ध होऊ न देणे स्वस्त, हा त्यामागचा रोकडा हिशेब होता. आपली शहरे ग्रामीण भागाचे पाणी घेतात, मोबदल्यात सांडपाणी देतात. हा व्यवहार एकदा तरी तपासला पाहिजे.

जुन्या पाणवठ्यांचे गुणगान करताना एका गोष्टीचा विसर पडू नये. त्याच पाणवठ्यावर आपल्याच बांधवांना मज्जाव होता आणि १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेबांना त्यासाठी सत्याग्रह करावा लागला. आज ज्या वस्तीच्या हातपंपाचे पाणी सर्वांत शेवटी तपासले जाते, ती बहुधा गावकुसाबाहेरचीच असते. म्हणून तपासणीचा प्रारंभ तेथूनच व्हावा.

साधने हाताशी आहेत. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना क्षेत्रीय चाचणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद झाली; नायट्रेट आणि फ्लोराईड या दोहोंची प्राथमिक तपासणी या संचाने होते. पण निष्कर्ष नोंदवहीत जातात आणि नोंदवही कपाटात. येत्या ग्रामसभेत या भगिनींनीच ते आकडे विहीरवार वाचून दाखवावेत. मालकाचे नाव घेण्याचे कारण नाही, शिवाराचे नाव पुरे. आकडा ४५ च्या वर निघाला, तर त्या शिवारातल्या शेतकऱ्यांनी तेथेच बसून पुढच्या हंगामातील युरियाचे गणित ठरवावे, आणि पावसाळा सरल्यावर त्याच विहिरीचे पाणी पुन्हा तपासून नवा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा.