पुढच्या घाटावर उतरता येतं

कोलकात्यातल्या मराठी घरांत गणपती उठले की अंदमानचा विषय बसतो. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात प्रसादाची ताटली हातात घेऊन कोणीतरी सेल्युलर जेलचं नाव काढतं आणि लगेच दोन तट पडतात: विमानवाले आणि जहाजवाले. जहाजवाल्यांचा आवाज मोठा, कारण जहाज आपल्याच शहरातून, खिदिरपूरच्या गोदीतून सुटतं आणि तीन-चार दिवसांत पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमला पोचतं. आमच्या घरात जहाजवाल्यांचा पुढारी माझा नवरा. “तात्याराव सावरकर बोटीनेच गेले होते,” हा त्याचा हुकमी एक्का. ते 1911 साली मद्रासहून ‘महाराजा’ बोटीने गेले, बेड्यांसकट गेले, आणि त्यांच्यासोबत गाडी लागणारी मुलगी नव्हती, हे माझं उत्तर.

आमच्या मनूला सगळं लागतं. पिवळी टॅक्सी लागते, एसी बस लागते, मावशीच्या नव्या गाडीतला सुगंधी वडीचा वास तर इंजिन सुरू व्हायच्या आधीच लागतो. एक ट्राम तेवढी लागत नाही, पण ट्राम आता राहिलीय कुठे? मनू नऊ वर्षांची आहे, म्हणजे या बाबतीत ऐन बहरातलं वय. दोन वर्षांखालच्या बाळांना गाडी किंवा बोट सहसा लागत नाही. मग त्रास वाढत जातो, नऊ-दहाच्या आसपास शिगेला पोचतो आणि बारानंतर बहुतेकांचा हळूहळू कमी होतो. शेजारच्या मासीमांचं निदान मात्र वेगळं आहे. कोलकात्यात माणसाला जे काही होतं ते थंडीमुळे किंवा अंबलमुळे, म्हणजे आम्लपित्तामुळे होतं. त्यामुळे प्रत्येक प्रवासाआधी त्या मनूला माकडटोपी घालायला आणि गंधराज लिंबू हुंगायला सांगतात. टोपी ती खिशात कोंबते. लिंबू मात्र जपून नेते, कारण त्या लिंबाचा वास खरोखरच डिझेलला पुरून उरतो.

पोरांना बोट का लागते हे एकदा नीट समजलं की निम्मी चिडचिड कमी होते. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते. शरीर वर गेलं, खाली आलं, वळलं, की ती मेंदूला कळवते. बोटीच्या केबिनमध्ये बसलेल्या मुलाचे डोळे सांगतात, भिंत जागच्या जागी आहे, सगळं स्थिर आहे. कान सांगतो, आपण हलतोय. या दोन साक्षींचा मेळ बसत नाही आणि भोगतं पोट. ज्यांच्या आतल्या कानाचं काम दोन्ही बाजूंनी पूर्ण बंद पडलेलं असतं, त्यांना बोट लागत नाही. म्हणजे बोट लागणं हा कान शाबूत असल्याचा पुरावा आहे. “किती नाजूक गं तुझी मुलगी,” असं म्हणणाऱ्यांना मी हे ऐकवते. उपयोग होत नाही, पण मला बरं वाटतं.

दुसरी गोष्ट हेलकाव्याच्या वेगाची. सर्वात वाईट हेलकावा असतो तो संथ, साधारण पाच सेकंदांत एकदा वर-खाली नेणारा. भर समुद्रात लाटांवर चढणारं-उतरणारं जहाज नेमकं याच्या आसपास डुलतं. हुगळीवरच्या लाँचची थरथर जलद आणि बारीक असते. ती दातांना जाणवते, पोटाला फारशी नाही. म्हणूनच ‘पाण्याची सवय’ हा शब्दप्रयोग फसवा आहे. नदीचं पाणी आणि समुद्राचं पाणी कानाच्या लेखी दोन वेगळे प्रांत आहेत.

याची साक्ष या शहरातल्या सगळ्यात प्रसिद्ध घराकडून मिळते. रवींद्रनाथ सतरा वर्षांचे असताना 1878 मध्ये विलायतेला निघाले. जाण्याआधी इंग्रजी आणि तिकडच्या चालीरीती शिकाव्यात म्हणून ते मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडांच्या घरी राहिले होते. प्रार्थना समाजाच्या या संस्थापकांची मुलगी अन्नपूर्णा त्यांना शिकवत असे. 20 सप्टेंबरला मुंबईहून बोट सुटली. बोटीचं नाव होतं ‘पूना’. आणि या पूनाने जोडासांकोच्या ठाकुरांच्या मुलाला असं झोपवलं की सहा दिवस तो अंथरुणातून उठला नाही. ते हाल त्यांनी युरोपातून लिहिलेल्या पत्रांत मोकळेपणाने सांगितले आहेत. हाच माणूस पुढे 1890 च्या दशकात जमीनदारी सांभाळताना पद्मा नदीवर हाउसबोटीत दिवसच्या दिवस राहिला, तिथेच कथा लिहिल्या, पत्रं लिहिली. नदीने त्यांना कधी आडवं केलं नाही.

हे सगळं मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने आजकालचा युक्तिवाद काढला. जहाजाचं राहू दे, दोन रात्रींची क्रूझ घेऊ, मुंबईहून निघतात ना तशी. पोहण्याचा तलाव, जादूचे प्रयोग, मुलांसाठी खेळ. यात एक मेख आहे. हलत्या जहाजाशी शरीर जुळवून घेतं हे खरं, पण त्याला दोन-तीन दिवस लागतात. दोन रात्रींच्या सहलीत ज्या दिवशी पोर डोकं वर काढेल, त्याच दिवशी सामान बांधायची घोषणा होईल. म्हणजे त्रास पुरेपूर, सवयीचा फायदा शून्य. आणि पैसे मोजले आहेत म्हणून मजा आलीच पाहिजे अशी सक्ती वेगळीच.

माझ्या सासूबाई मालवणच्या. कोकण बोटींचा जमाना त्यांनी पाहिलेला. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट रत्नागिरीला लागेपर्यंत निम्मा डेक आडवा झालेला असायचा, नाकाशी लिंबू आणि गालात आवळासुपारी. पावसाळ्यात तर ही वाहतूक बंदच असे. पण सासूबाई म्हणतात, “अगो, बोट लागली म्हणून कोण लाजत नव्हता. गावाक जायचा होता, बोट लागायचीच.” तेव्हा बोट हे गाव गाठायचं साधन होतं. पोरांनी हसऱ्या चेहऱ्याने फोटो काढावेत अशी कोणाची अपेक्षा नव्हती. त्या अजूनही कोणी कोलकात्याला येणार असलं की मनूसाठी आलेपाक पाठवतात. आल्याने मळमळ थांबते की नाही यावर डॉक्टरांचं एकमत नाही. मनूचं मात्र आहे.

कोलकात्याची गंमत ही की इथे समुद्राशिवाय बंदर आहे. खिदिरपूरची गोदी 1892 पासून उभी आहे, मोठी जहाजं येतात-जातात, आणि समुद्र मात्र शंभर किलोमीटरहून जास्त लांब. गोदीत यायचं तर जहाजाला सुमारे 145 किलोमीटर नदीतून यावं लागतं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक सांभाळत, हुगळीची वाळू ओळखणाऱ्या पायलटच्या भरवशावर. जगातल्या लांबलचक नदीमार्गांपैकी हा एक. अंदमानला निघालेले प्रवासी या पट्ट्यात खुशीत असतात, जेवणावर ताव मारतात, ‘आम्हाला काही होत नाही बुवा’ म्हणतात. सागर बेट मागे पडलं की खरी परीक्षा सुरू होते, आणि तेव्हा परत फिरायची सोय नसते.

ही नदी आम्ही मनूसाठी तुकड्यातुकड्याने वापरली. आधी बाबूघाट ते हावडा. काही मिनिटांचं अंतर, ऑफिसला जाणाऱ्यांची गर्दी, 1943 पासून उभा असलेला हावडा ब्रिज समोर. तिथे एक शिकले: चालत्या लाँचपेक्षा थांबलेली लाँच वाईट. तरंगत्या जेटीला टेकून ती डुलत राहते आणि डिझेलचा धूर अंगावर येतो. तेव्हा शेवटी चढायचं आणि आधी उतरायचं. मग उत्तरेकडचे घाट. लाँचच्या मध्यभागी, बाहेर, चालीच्या दिशेने तोंड करून बसायचं. पुस्तक नाही, मोबाइल अजिबात नाही. डोळ्यांना काम हवं म्हणून मनूला काठ वाचायला लावलं: निमतला, अहिरीटोला, शोभाबाजार, कुमारटुली, बागबाजार. नदीचा मोठा उपकार हाच की दोन्ही काठ सतत दिसतात. घाटाच्या पायऱ्या, गोदामांच्या भिंती, देवळांची शिखरं जागच्या जागी उभी असतात. डोळ्यांनाही कळतं की हलतोय तो आपण, आणि कानाशी त्यांचं भांडण मिटतं. दक्षिणेश्वर ते बेलूर हा पट्टा तर तिने कोरडी मुडी, म्हणजे कुरमुरे, खात, बडबडत पार केला. रिकामं पोटही वाईट आणि लुची-आलूदमने भरलेलं त्याहून वाईट. मुडी हा मधला मार्ग.

मग सुंदरबन. तिथे खरी उलटी झाली ती बोटीत नव्हे, रस्त्यावर. गोदखालीच्या जेटीपर्यंत शंभरेक किलोमीटरचा रस्ता, वळणं, गतिरोधक, समोरून येणारे ट्रक. बोटीवर पाय ठेवल्यावर पोरगी टवटवीत झाली आणि सजनेखालीपर्यंत वर डेकवर बसून मगरी शोधत राहिली. फक्त जिथे अनेक नद्या एकत्र येतात आणि पाणी समुद्रासारखं पसरतं, तिथे वारा सुटला तेव्हा ती गप्प झाली. ही गप्पपणाची खूण आईबापांनी ओळखायला हवी. उलटी अचानक होत नाही. आधी पोर बोलायचं थांबतं, मग जांभया देतं, ओठांवर घाम येतो, चेहरा फिका पडतो. त्या वेळी “काय झालं, बरं वाटतंय ना?” असं दहादा विचारू नये. आडवं करावं, डोळे मिटायला सांगावं, वारा लागू द्यावा. बोटवाल्या दादांनी काही न विचारता बोट एका अरुंद खाडीत वळवली. दहा मिनिटांत मनूने जेवणात काय आहे ते विचारलं.

औषधाबद्दल दोन वाक्यं, कारण वाचक हमखास विचारतात. गोळी निघण्याआधी घ्यायची असते; उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. आणि मोठ्यांची अर्धी करून पोराला द्यायची नसते: प्रोमेथाझीनसारखं औषध दोन वर्षांखालच्या मुलांना देतच नाहीत, मोठ्या मुलांनाही गुंगी येते आणि काही मुलं उलट चेकाळतात. तेव्हा आधी मुलांच्या डॉक्टरांना विचारायचं.

वेळही पाहावी लागते. चैत्र-वैशाखात इथे संध्याकाळी कालबैशाखी येते. आभाळ काळं होऊन मिनिटभरात वादळ सुटतं, आणि नदीसुद्धा नदीसारखी वागत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीत हुगळीत ‘बान’ येतो, पाण्याची भिंत उलटी वर सरकते. पावसाळ्यात बंगालचा उपसागर खवळलेला, ऑक्टोबर-नोव्हेंबरात चक्रीवादळांची धास्ती. आमच्यासारख्यांनी पाण्यावर जायचं ते पौष-माघात.

आता नातेवाईक म्हणतात, एवढं सगळं जमतं तर समुद्रावरही न्या की. सवय केल्याशिवाय होणार कशी? सवयीला माझा विरोध नाही. ज्या रवींद्रनाथांना ‘पूना’ने सहा दिवस लोळवलं, ते पुढे जगभर बोटीने हिंडले. 1916 साली ‘तोसा मारू’ नावाच्या जपानी जहाजाने ते याच कोलकात्याहून जपानला निघाले. पण तेव्हा ते पंचावन्नाच्या उंबरठ्यावर होते आणि तिकीट त्यांनी स्वतःच्या मर्जीने काढलं होतं. नऊ वर्षांच्या मुलीच्या नावाने तिकीट आपण काढतो, हौस आपली असते आणि पिशवी तिच्या हातात असते. हा हिशोब मला पटत नाही. समुद्र कुठे पळून जात नाही; बाराव्या-तेराव्या वर्षीही तो तिथेच असेल, आणि तोवर तिचा त्रासही बहुधा निवळलेला असेल.

सुंदरबनहून परतताना मी मनूला विचारलं होतं, नदीवर तुला भीती का वाटत नाही? ती म्हणाली, “आई, इथे पुढच्या घाटावर उतरता येतं ना.” डॉक्टरांच्या पुस्तकात हे उत्तर बहुधा नसेल, पण मला ते सगळ्यात कामाचं वाटतं. होईल, होईल या धास्तीनेच निम्मी मळमळ सुरू होते, आणि उतरता येतं हे ठाऊक असलं की धास्ती ओसरते. म्हणून अशा पोराला घेऊन पाण्यावर जायचं ठरवत असाल तर केबिन कुठली, जेवणात काय, तलाव आहे का, हे प्रश्न नंतर विचारा. पहिला प्रश्न एवढाच: मध्येच उतरावंसं वाटलं तर उतरता येईल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ते तिकीट पोर स्वतः मागेल त्या वर्षासाठी ठेवा.